नांगर, सिंह आणि फिरंग : आरमारी तलवारींची नक्षी

४ डिसेंबर २०२३ रोजी देशाचा नौदल दिन सिंधुदुर्गात साजरा झाला. तारकर्लीच्या किनाऱ्यावर हजारो माणसे जमली होती, समोरच्या पाण्यात युद्धनौकांची प्रात्यक्षिके चालू होती आणि पलीकडे शिवछत्रपतींनी कुरटे बेटावर उभारलेला जलदुर्ग होता. नौदल अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या चिन्हांत महाराजांच्या वारशाची छाप असेल, असे पंतप्रधानांनी तिथेच जाहीर केले. त्याच महिन्याच्या अखेरीस ॲडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांसाठी नवी स्कंधचिन्हे आली. सोनेरी बटण, राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन, हुद्द्यानुसार तारे, आणि त्यांच्या जोडीला दोन वस्तू : दुर्बीण आणि तलवार.

दुर्बिणीचे समजते, दर्यावर्दी माणसाची नजर लांब हवी. पण क्षेपणास्त्रे आणि पाणबुड्यांच्या काळात खांद्यावर तलवार कशाला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना तीनशे वर्षांची कारागिरी आपल्यापुढे उलगडत जाते. त्या कारागिरीतल्या कितीतरी घडामोडी आपल्या याच किनाऱ्याशी जोडलेल्या आहेत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आरमारी अधिकाऱ्याची तलवार कापण्यासाठी जितकी घडवली गेली, त्याहून अधिक वाचण्यासाठी घडवली गेली. ती वाचायची कुठून? मुठीपासून.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या विजयदुर्गापासून सुरुवात करू. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल चार्ल्स वॉटसनचे आरमार आणि रॉबर्ट क्लाइव्हचे सैन्य यांनी तो किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. पेशव्यांच्या संमतीने झालेल्या या मोहिमेत आंग्र्यांचे आरमार जळून गेले. मराठी माणसाला हा प्रसंग आजही सलतो, आणि सलायलाच हवा. पण त्या दिवशी समोरच्या गलबतांवर उभे असलेले इंग्रज अधिकारी जरा निरखून पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांच्या अंगावर गणवेश होता, कारण रॉयल नेव्हीच्या अधिकाऱ्यांना १७४८ मध्ये पहिला अधिकृत गणवेश मिळाला होता. कमरेची तलवार मात्र ज्याची त्याची, आपल्या आवडीची आणि ऐपतीची. कुणाकडे शिकारीला वापरतात तशी आखूड वाकडी तलवार, कुणाकडे दरबारी थाटाची सडपातळ, सरळ तलवार. कोट सरकारने ठरवला. तलवारीचा अधिकृत नमुना ठरायला त्यानंतर सत्तावन्न वर्षे जावी लागली.

तेव्हा मराठी आरमाराकडे ठरीव नमुन्याची तलवार नव्हती, यात कमीपणा काही नाही. ती तेव्हा इंग्रजांकडेही नव्हती. मायनाक भंडारी, दौलतखान यांच्यापासून कान्होजी आंग्र्यांपर्यंत ज्यांनी हा दर्या राखला, त्यांच्या काळात या किनाऱ्यावर ज्या तलवारीला सर्वात जास्त मान होता, ती स्वतःच समुद्रातून आलेली होती. ती म्हणजे फिरंग.

फिरंग म्हणजे युरोपात घडवलेल्या लांब, सरळ पात्याला इथल्या कारागिराने इथली मूठ बसवून तयार केलेली तलवार. जर्मनीतले सोलिंगेन, स्पेनमधले तोलेदो, इटलीतली काही गावे ही पात्यांची मोठी ठिकाणे. तिथली पाती पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांतून गोव्याच्या आणि कोकणच्या बंदरांत उतरत आणि पुढे घाट चढून देशावर जात. शिवाजी महाराजांनी कोकणातल्या गोवलेकर सावंतांकडून अशीच एक फिरंग तीनशे होन देऊन घेतली, असे परंपरा सांगते. तीनशे होन म्हणजे तेव्हा लहानसहान रक्कम नव्हे. चांगल्या पात्याची पारख असणारा राजा ती मोजायला तयार होता, यातच त्या पात्याची किंमत आली.

असे पाते हातात आले की खरे काम सुरू होई. युरोपीय मूठ काढून टाकत. पात्याचा मागचा निमुळता भाग, म्हणजे शेपटी, नव्या पोलादी मुठीच्या पोकळीत घालत, आणि त्या पोकळीत तापवून पातळ केलेली लाख ओतत. लाख थंड झाली की पाते पक्के बसे. पाते लांब आणि लवचीक असल्याने मुठीपाशी ते हलू नये म्हणून मुठीतूनच निघालेल्या दोन पोलादी पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांनी खाली आणून रिवेटांनी जखडत. या पट्ट्यांच्या कडा कारागीर पानाफुलांच्या आकारात कापी. हाताला संरक्षण म्हणून रुंद परज आणि बोटांवरून वळत येणारी पट्टी. वर वाटीसारखी चकती आणि त्या चकतीतून निघालेला लांब दांडा, गरज पडली तर दुसऱ्या हाताने धरायला. आत हाताला टोचू नये म्हणून कापडाची किंवा मखमलीची गादी. म्हणजे पाते परमुलखाचे, पण धरणाऱ्याच्या तळहाताला जे जे लागे ते सगळे इथले.

या मिश्रणाचे सर्वात बोलके उदाहरण आज लंडनमध्ये आहे. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याकडे जपलेली ‘जगदंबा’ नावाची तलवार चौथ्या शिवाजी महाराजांनी १८७५-७६ च्या भारतभेटीवर आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सला, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डला, दिली. ती आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिचे पाते युरोपीय, आणि त्यावर ‘आय-एच-एस’ ही येशूच्या नावाची अक्षरे ठशाने उमटवलेली. मूठ मात्र हिरे-माणकांनी मढवलेली, इथल्या दरबारी घडणीची. ख्रिस्ती ठसा असलेल्या पात्याला देवीचे नाव द्यायला कुणालाही अडचण वाटली नाही. पाते कुठे घडले हा प्रश्न त्या माणसांच्या लेखी गौण होता. ते कुणाच्या मुठीत आहे, यावर तलवारीचे नाव आणि निष्ठा ठरत असे.

दुसरे उदाहरण सुदैवाने घरी परतले आहे. सेनासाहेबसुभा रघुजी भोसले यांची तलवार लंडनच्या सदबीज संस्थेच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती २०२५ मध्ये विकत घेऊन मुंबईला आणली. तीही फिरंग : एकधारी, सरळ युरोपीय पाते, त्यावर मुल्हेरी पद्धतीची मूठ. मुठीवर सोन्याचे नक्षीकाम आहे, पण माझ्या मते तिचे खरे वैभव पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ आहे. तिथे सोन्याच्या देवनागरी अक्षरांत मालकाचे नाव, त्याचा किताब आणि ‘फिरंग’ हा शब्द कोरलेला आहे. रघुजी नागपूरचे, बंगालपर्यंत धडक मारणारे. आरमाराशी त्यांचा संबंध नव्हता. पण किनाऱ्यावर उतरलेले पाते किती आत, किती लांब जात असे आणि तिथे ते पूर्ण मराठी कसे होई, हे या एका ओळीत दिसते.

पोलादावर सोन्याची अक्षरे बसतात कशी? दोन रीती आहेत. पहिलीत कारागीर पोलादाच्या पृष्ठभागावर बारीक छिन्नीने आडव्यातिडव्या रेघा पाडतो. पृष्ठभाग असा खरखरीत झाला की त्यावर सोन्याची केसासारखी तार ठेवून हलक्या हातोडीने ठोकत जातो. तार त्या रेघांच्या दातांत अडकते. मग थोडी ऊब देऊन अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घासले की सोने पसरून चकाकते. हीच कोफ्तगिरी. दुसऱ्या रीतीत आधी अक्षराची खोल चर खोदतात. चर तळाशी किंचित रुंद आणि तोंडाशी अरुंद ठेवायची, म्हणजे आत ठोकून भरलेले सोने बाहेर निघूच शकत नाही. पहिले काम लवकर होते आणि घासले तर झिजते. दुसऱ्याला सोने जास्त, वेळ जास्त, पण ते शतकांनंतरही बोटाला जाणवते. एखाद्या संग्रहालयात काचेपलीकडून पाहतानाही हा फरक ओळखता येतो : कोफ्तगिरीत झिजलेल्या सोन्याखाली जाळीसारख्या बारीक रेघा दिसतात, खोदकामात कडा स्वच्छ राहतात.

आता समुद्रापलीकडच्या कारखान्यांकडे वळू. १८०५ मध्ये, ट्रफाल्गरच्या लढाईच्या काही आठवडे आधी, ब्रिटिश नौखात्याने अधिकाऱ्यांच्या तलवारीचा नमुना ठरवला आणि हुद्दा मुठीवर दिसू लागला. कमांडर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांना हस्तिदंती मूठ आणि तिच्या शेंड्यावर सोनेरी सिंहाचे डोके, आयाळ मुठीच्या पाठीवरून खाली उतरत आलेली. लेफ्टनंटच्या मुठीला सिंह नाही, पायऱ्यापायऱ्यांचा साधा शेंडा. मिडशिपमनच्या मुठीवर काळे कातडे. अंधूक उजेडातही मुठीवरून माणूस ओळखावा, अशी ही व्यवस्था.

१८२७ मध्ये नवा नमुना आला आणि किरकोळ फेरफारांसह तोच आजवर टिकला. सोनेरी मुलाम्याची, हाताभोवती अर्ध्या टोपलीसारखी वळलेली भरीव पितळी परज. तिच्यावर मुकुट आणि त्याखाली नांगर. या नांगराकडे मालवणच्या माणसाने नीट पाहावे. त्याच्या दांड्याभोवती दोर गुरफटलेला आहे. होडीवर काम केलेल्या कुणालाही हे खटकेल, कारण दोरात गुरफटलेला नांगर तळाला धरत नाही आणि वर काढताना जीव खातो. नाविकाला सर्वात नकोशी अवस्था नाविकाच्या सर्वात मानाच्या चिन्हात कशी आली? हा नांगर जुन्या काळी इंग्लंडच्या मुख्य नौकाधिपतीच्या शिक्क्यावर होता. तिथून तो नौखात्याकडे आला, मग बटणांवर, टोप्यांवर, तलवारींवर. मला हा गुरफटलेला नांगर सरळ नांगरापेक्षा अधिक खरा वाटतो. समुद्रात सगळे नीटनेटके असते, असा भ्रम तो होऊ देत नाही.

मुठीवरचे पांढरे, दाणेदार आवरणही असेच जवळचे आहे. इंग्रज त्याला माशाचे कातडे म्हणत; शार्क आणि तिच्या जातभाईंचे, मुख्यतः पाकटाचे ते असते. पाकट किंवा वागळी मालवणच्या बाजारात पाहिलेल्यांना तिच्या पाठीची खरखर ठाऊक आहे. कातड्यावर दातांसारखे सूक्ष्म, कठीण दाणे असतात. ते थोडे घासून सपाट केले तरी पकड राहते, आणि हात पाण्याने किंवा घामाने ओला झाला तरी मूठ निसटत नाही. त्यावर सोनेरी तारेचे पीळदार वेटोळे गुंडाळायचे, म्हणजे बोटे आपोआप खाचांत बसतात. शोभेच्या या तारेला कामही आहे, हे मुठीवर हात ठेवल्याशिवाय कळत नाही. अशीच आणखी एक युक्ती : परजेच्या आतल्या बाजूला बिजागरीवर फिरणारी छोटी झडप असते. तलवार म्यानात घातल्यावर ती खाली दाबली की म्यानाच्या तोंडाजवळच्या खुंटीत अडकते. डोलत्या डेकवर तलवार आपोआप बाहेर सरकू नये, यासाठी केलेली सोय.

पात्याची सजावट हा वेगळा खजिना. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला निळ्या-सोनेरी पात्यांची मोठी चलती होती. घासून आरशासारखे केलेले पोलाद सावकाश तापवले की त्याचा रंग बदलत जातो : आधी गव्हाळ, मग जांभळा, आणि सुमारे ३०० अंश सेल्सिअसला गडद निळा. नेमक्या क्षणी ते आगीतून काढावे लागते. थोडा उशीर झाला की निळा फिका पडून करडा होतो. या निळ्या जमिनीवर नांगर, युद्धचिन्हे, वेलबुट्टी यांवर सोन्याचा मुलामा. सोने पाऱ्यात विरघळवून केलेला लगदा लावायचा आणि तापवायचा, पारा उडून जातो आणि सोने चिकटून राहते. उडणारा हा पारा कारागिराच्या छातीत जाई. त्या काळातले मुलामा देणारे कारागीर थरथरत्या हातांनी आणि अल्पायुषी जगले. आज काचेमागे लखलखणाऱ्या पात्याची ही किंमत सांगितल्याशिवाय त्याचे कौतुक करणे मला बरोबर वाटत नाही.

या कलेचा कळस म्हणजे १८०३ मध्ये लंडनच्या लॉइड्स विमा बाजारातल्या व्यापाऱ्यांनी स्थापलेल्या देशभक्त निधीच्या तलवारी. पराक्रम गाजवलेल्या कॅप्टनला १०० पौंडांची, लेफ्टनंटला ५० पौंडांची, त्याखालच्यांना ३० पौंडांची तलवार बक्षीस मिळे. त्या लंडनच्या स्ट्रँड भागातल्या रिचर्ड टीडच्या दुकानातून येत. मूठ म्हणजे ग्रीक पुराणातला हर्क्युलस : बोटांवरून वळणारी पट्टी म्हणजे त्याची गदा, तिला विळखा घातलेला साप, आणि मुठीच्या पाठीवर त्याने मारलेल्या सिंहाचे कातडे. निळ्या पात्यावर सोन्याने लिहिलेले असे की कोणत्या जहाजावर, कोणत्या दिवशी, कोणत्या कामाबद्दल ही तलवार कुणाला दिली. त्या पात्यावर एक सबंध प्रशस्तिपत्र मावे. या तलवारींचा आपल्या बाजूच्या समुद्राशीही संबंध आला. फेब्रुवारी १८०४ मध्ये मलाक्केच्या सामुद्रधुनीजवळ नॅथॅनिएल डान्सच्या हाताखालच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारी ताफ्याने फ्रेंच युद्धनौकांना हुलकावणी देऊन पळवून लावले. डान्सला १०० पौंडांची आणि त्याच्या कॅप्टनांना ५० पौंडांच्या तलवारी मिळाल्या. शिवाय मुंबईच्या एका विमा कंपनीने डान्सला ५,००० पौंड दिले. माल वाचला होता, आणि त्या मालात मुंबईचा पैसा होता.

पुढे निळा रंग मागे पडला. मेणाचा किंवा रोगणाचा लेप देऊन त्यात सुईने चित्र ओरखडायचे आणि तेजाबाने तेवढाच भाग खायला द्यायचा, ही कोरीव रीत स्थिरावली. १८४६ मध्ये विल्किन्सन या तलवारींच्या कारखान्याने आणलेले सपाट, चर असलेले पाते या कोरीवकामाला सोयीचे ठरले.

कंपनीचे मुंबईतले आरमार, म्हणजे बॉम्बे मरीन, याच किनाऱ्यावर वाढले. १७६५ मध्ये त्याच्या जहाजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. किल्ला सांभाळणे परवडेना म्हणून वर्षभरातच तो पैसे घेऊन कोल्हापूरकरांना परत केला, आणि १८१२ च्या तहाने मालवण पुन्हा इंग्रजांकडे गेले. ऑगस्टस हे नाव आज इथे कुणाच्या तोंडी नाही. बॉम्बे मरीनचे १८३० मध्ये ‘इंडियन नेव्ही’ झाले, १८६३ मध्ये ते लढाऊ दल म्हणून मोडले, आणि बऱ्याच नामांतरांनंतर १९३४ मध्ये ‘रॉयल इंडियन नेव्ही’ उभी राहिली. चिन्हे बदलत गेली तरी तलवारीचे वळण रॉयल नेव्हीचेच राहिले.

जुनी तलवार हाती आली तर तिचे वय काढायला मुकुट मदत करतो. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या दिसतात. १९०१ नंतरच्या राजांच्या मुकुटाच्या कमानी गोल, उंच उठलेल्या असतात. २६ जानेवारी १९५० ला भारत प्रजासत्ताक झाला आणि मुकुट उतरला. त्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. पाते, परज, म्यान यांत लक्षात येण्यासारखा बदल झाला नाही. गोव्याच्या बंदरात उतरलेल्या पात्याला सतराव्या शतकातल्या मराठी शिकलगाराने जे केले, तेच इथे पुन्हा घडले : बाहेरून आलेली वस्तू आपल्या चिन्हाखाली आणली गेली. म्हणूनच २०२३ साली स्कंधचिन्हावर भारतीय वळणाची तलवार आली, ही घटना मला केवळ सोहळ्यापुरती वाटत नाही. या वेळी चिन्हाबरोबर आकारही आपला आहे.

आरमारी तलवारीचे खरे काम नेहमीच मानाचे होते. जहाजावर चढून हातघाई करायला खलाशांकडे जाड, आखूड, अनलंकृत तलवारी असत. अधिकाऱ्याची तलवार शरण जाताना द्यायची आणि जिंकल्यावर घ्यायची असे. १७९७ च्या केप सेंट व्हिन्सेंटच्या लढाईत पकडलेल्या स्पॅनिश जहाजावर नेल्सनने एकेका अधिकाऱ्याची तलवार स्वीकारली आणि त्याच्या एका खलाशाने ती शांतपणे काखेत जमा केली. आरोप असलेल्या अधिकाऱ्याचे नशीबही तलवारच सांगे : ब्रिटिश आरमारी न्यायालयात आरोपीची तलवार टेबलावर आडवी ठेवत, आणि तो परत आत आल्यावर तिचे टोक त्याच्याकडे वळलेले असेल तर दोषी. ही प्रथा तिथे २००४ पर्यंत चालली. आपल्याकडे आजही दीक्षान्त संचलनात, मानवंदनेत आणि मानाच्या समारंभांत अधिकारी ती धारण करतात.

शेवटी एक कळकळीची विनंती, विशेषतः ज्यांच्या घरी पूर्वजांची तलवार आहे त्यांना. कोकणात आणि कोल्हापूर भागात खंडेनवमीला शस्त्रे उजळून पुजायची रीत आहे, ती चांगलीच आहे. पण चिंच, लिंबू, राख किंवा विटेची पूड लावून घासू नका. पाऱ्याचा मुलामा आणि निळा रंग यांचा थर केसापेक्षा पातळ असतो. एकदा गेला की परत येत नाही, आणि कोफ्तगिरीचे सोने तर घासल्याने झिजून जाते. मऊ सुती कापडाने धूळ टिपा, कोरड्या पोलादावर शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवा, पात्याला उघड्या बोटांनी शिवू नका, कारण घामातले मीठ दुसऱ्या दिवशी गंज होऊन दिसते. खाऱ्या हवेच्या गावात पावसाळ्यात तलवार कातडी म्यानात ठेवू नका. कातडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली आम्ले पात्याला आतून खातात. आणि घासण्याआधी पात्याची पाठ बारकाईने बघा. तिथे देवनागरी ओळ असू शकते. विल्किन्सनची तलवार असेल तर मुठीजवळ एक क्रमांक असतो. १८५४ पासून त्या कारखान्याने बहुतेक तलवारींना असे क्रमांक दिले आणि ते वह्यांत नोंदवले. त्या वह्या टिकल्या आहेत, आणि क्रमांक शाबूत असेल तर ती तलवार कधी आणि कुणासाठी घडवली, हे त्यांतून अजूनही काढता येते.